आबाथेंबू

पोलिसांचा फॉर्म ताटाएवढा.
भाडेकरूचं नाव, पासपोर्ट, मूळ कुठला.
नेरूळला बोटीचं शिकणारा ल्वांदिले
करावे गावात माझ्या माडीवर राहतो.
म्हणाला, आम्ही आबाथेंबू.
मला वाटलं, आजाचं नाव सांगतोय.
हसला. तसंही चालेल, म्हणाला,
आबा म्हणजे नुसते लोक,
पण थेंबू नावाचा एक माणूस होता म्हणतात,
फार मागे.

आणि सुरूच झाला.
कागद नाही, बोटं मोडणं नाही.
झ्वीदे. मग थेंबू. थेंबूचा बोमोयी,
अशी चार-पाच नावं उतरून न्तांदे,
त्याच्या पुढच्या नावात जीभ अशी काही आपटली
की बारकूबाईनं आतून विचारलं,
बैल कोन हाकतंय रं?

डोंगराकडून समुद्राच्या अंगाला
पिढी-पिढीनं सरकत आले,
म्बाशे नदीकाठी मेलेले राजे पुरत.
ह्लांगा थोरला, द्लोमो धाकटा.
भांडले. गादी धाकट्यानं नेली.
आमच्याकडे पण, मी म्हटलं, सातबाऱ्यावर.

मग गोरे आले, साखळी घेऊन मोजणीदार आले.
एका माणसाला एक तुकडा,
बापामागे तो थोरल्याचा,
बाकीच्यांनी लांब कुठंतरी कामाला जायचं,
नाही गेलात तर कर.
इथं तो पाणी प्यायला थांबला
आणि पुढचं मला येत होतं.
चुन्याची रेघ. नोटीस.
आगराच्या बांधावर उभ्यानंच अंगठा देणारा बाप.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला
तेव्हा त्याचा फोटो भिंतीवर होता.
थेंबाथेंबानं आटून मीठ व्हायचं तिथं,
म्हणून तर आम्ही आगरी.
आता तिथं सेक्टर आहे, नंबराचा.

तुमचे कोण कोण? त्यानं विचारलं.
मी हासूराम. बाप पोशा. पोशाचा बाप कमळू.
वारस दाखल्याला तेवढेच लागले होते.

फॉर्मवर लिहिलं, दक्षिण आफ्रिका.
ओळच तेवढी होती.
कूळ आमचं म्हणून खाली सही केली.

रात्री झोप येईना.
पोशा, म्हटलं. कमळू, म्हटलं.
कमळूच्या पुढे काहीच नव्हतं,
तर तिथं जीभ आपटून पाहिली त्याच्यासारखी.
बारकूबाई कूस बदलून म्हणाली,
परत आला काय तो बैलवाला?