हाऊ देव कथाईन उना

एरंडोलला मोईझभाईच्या भंगारात,
फुटक्या घागरी, मोटारीतून सोललेली तांब्याची तार,
त्या सगळ्याच्या खाली तो पालथा पडला होता.
वीतभर. दोन किलो दीडशे.
पितळेच्या भावात घेतला, म्हणाला,
उखर्डूमामा, तू ओताऱ्याचा. सांग, कुठला?

माझ्याआधी सगळ्यांचं सांगून झालं होतं.
लुणकरणशेठ म्हणाले, आमचा,
छातीवर खूण होती, झिजली.
बिऱ्हाडे मास्तर म्हणाले, बुद्ध,
कानाच्या पाळ्या बघा ना.
केळीची गाडी थांबवून आलेला पावरा पोरगा
काहीच म्हणाला नाही.
त्याने चपला काढल्या.

जळगावहून एक जण आला होता,
तो चेहऱ्याचेच फोटो काढत राहिला.
चेहरा काय सांगणार?
ओतणारा तो मनातून काढतो,
पुजणारे बोटांनी पुसत नेतात.
नाक तर चिंचेने घासून घासून
केव्हाच संपवलेलं.

मी त्याला उलटा केला.
माणसाला कूळ विचारू नये,
मूर्तीचं बूड मात्र बघावं.

आत पोकळ. कड एकीकडे जाड, एकीकडे नखाएवढी:
मेण बसवलं तेव्हा ऊन होतं,
किंवा कोणाला तरी घाई होती.
आणि वर, पाठीच्या कण्याशी,
गाभ्याची माती, भाजलेली, तेवढीच उरलेली.
खिळ्याने टोकरली. तळहातावर घेतली.
थुंकी लावून चोळली, वास घेतला.

आमची काळी अशी सुटत नाही.
बाप गाभ्याला दादरीचा भुसा मळायचा,
शेण, आणि जुन्या घोंगडीची लोकर कातरून.
ही माती पिवळट,
आणि तिच्यात तुसांचे ठसे,
बारक्या होड्यांसारखे, दोन्ही टोकांना निमुळते.
भात.
अंजनीकाठी भात कोण लावतं?

म्हणजे हा धानाच्या मुलखातला.
बंगाल म्हणा, ब्रह्मदेश म्हणा,
नाहीतर समुद्र ओलांडून कुठलातरी.
गाव तूस सांगत नाही.
ते एवढंच सांगतं की ज्याने माती मळली
त्याच्या घरी काय शिजायचं.

एवढं सांगून उठणार होतो.
पण डावं मनगट उजेडात आलं.

मनगट मोडलेलं, मागाहून जोडलेलं.
धातू वेगळा, पिवळाधमक,
आणि जोडावर कानस उलटी फिरलेली,
ओरखडे सगळे उजवीकडे उतरणारे.
आमच्या आळीत डावखुरा एकच होता.
मेला तेव्हा त्याची कानस मी मोडीत घातली,
कारण ती माझ्या हाताला लागायची नाही.

कोणी आणून दिला असेल त्याच्याकडे?
मजुरी काय घेतली?
घरात कधी बोलला नाही.
मी असेन तेव्हा भात्याशी, दोर ओढत,
आणि हा असेल समोर, हाताविना.

माझ्या वरचे दोघे गेले होते.
म्हणून मला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं,
शेजारच्या झिपरीबाईने उचललं,
आणि आईने सूपभर दादर देऊन
मला तिच्याकडून विकत घेतलं.
सटवाईला कळू नये, हा कोणाचा.
ते नाव सत्तर वर्षं लावतोय.
अजून तिला कळलेलं दिसत नाही.

मोईझभाई खडू घेऊन उभा.
काय लिहू, मामा?
हाऊ देव कथाईन उना?

माले काय माहीत, मी म्हणालो.
तळहातावरची माती थुंकीने भिजली होती.
ती अंगठ्याने त्याच्या पाठीत
जिथून काढली तिथे परत लिंपली.
दाबून धरली, घट्ट बसेपर्यंत.

बाहेर केळीच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.
पोरगा एका पायात चप्पल घालून
अजून उंबऱ्यातच उभा होता.