परभाषेत पुटपुटते

प्रेस्टनमध्ये मंगळवारी दुपारी साठीपुढच्यांना
तिकीट चार पौंड, त्यातच चहा आणि दोन बिस्किटं.
कोर्टाचा थरारपट होता. एक खून, पुष्कळ विग,
आणि वकीलबाई प्रत्येक वाक्याला अशी गर्रकन वळे
की झग्याचा वारा पहिल्या रांगेला लागावा.

मी तेवीस वर्षं इथल्या क्राउन कोर्टात दुभाषी.
झगे मला माहीत आहेत. ते वळत नाहीत,
खुर्चीच्या हातात अडकतात.
खऱ्या खटल्यात निम्मा वेळ कागद सापडत नसतो,
उरलेल्या निम्म्यात कुणीतरी खोकत असतं.

दिवे लागले तसे निकाल सुरू झाले.
डेरेक एन्टविसल, जन्मभर बस चालवलेला, म्हणाला,
नवऱ्यानंच मारलंय. शेंबडं पोरही सांगेल.
मॉरीन म्हणाली, त्याचे हात बघितलेस?
तसल्या हातांनी गोगलगायसुद्धा मरायची नाही.
विनिफ्रेड अर्धा सिनेमा झोपली होती,
तिचं मत सगळ्यांत ठाम होतं.

मॉरीनच्या पर्समध्ये कात्रणं असतात.
एका समीक्षकानं दोन तारे दिलेत:
शेवट वाऱ्यावर सोडलाय, निकाल द्यायचं धाडस नाही.
दुसऱ्यानं पाच. तोच शेवट, तोच वारा,
तिथं त्यालाच धाडस म्हटलंय.
एका बाबतीत मात्र दोघांचं जमलं:
साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली ती म्हातारी मोलकरीण
उलटतपासणी संपताना डोळे मिटून जे बोलते, ते.
पहिला लिहितो, प्राचीन प्रार्थना.
दुसरा, एका अख्ख्या खंडाचा दाबलेला हुंदका.

पडद्यावर खाली कंसात एवढंच आलं होतं:
परभाषेत पुटपुटते.
(दुभाषी नव्हताच सिनेमात. बजेटमध्ये बसला नसेल.)

"मिसेस जी, तुमच्याकडची वाटली ती. काय म्हणाली?"
घाटपांडे त्यांच्या जिभेवर कधीच मावलं नाही.
तिघंही थांबले, कपबशा हातात धरून,
बारा जण थांबतात ना, तसे.

ती म्हणाली होती:
"आत्ता गं बया, ग्यास बंद केला का न्हाई म्या?"

साताऱ्याकडची असणार, पैज लावते.
कुणीतरी सांगितलं असेल, बाई, तुमच्या भाषेत
काहीही बोला, फक्त डोळे मिटा.
कॅमेरा जवळ आला, आणि तोंडात आलं ते आलं.

एकदा तीन नंबरच्या कोर्टात एक पोरगा,
नांदेडचा, काहीतरी पुटपुटला.
न्यायाधीश म्हणाले, सांगा.
मी सांगितलं, पोटात दुखतंय म्हणतो.
ज्यूरीतल्या एकानं खाली बघून काही लिहून घेतलं.
काय लिहिलं असेल,
हे मी अजून कधीकधी भांडी घासताना विचारते.

शपथ घेतलेली जीभ, ती थोडीच निवृत्त होते.
मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. बया सुद्धा.

क्षणभर शांत.
मग डेरेकनं कप आपटला: "गॅस!
म्हणजे विष नव्हतंच! तिला माहीत होतं!"
"पण मग ती खिडकी उघडी कशी?" मॉरीन.
विनिफ्रेड म्हणाली, मी पहिल्यापासून हेच सांगत होते.
आणि खटला पुन्हा पहिल्या साक्षीपासून सुरू झाला,
पोरं खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवेपर्यंत.

बसथांब्यावर वारं सुटलं होतं.
एकशेअकरा आली, दार उघडलं,
मी एक पाय वर टाकला आणि छातीत धस्स झालं.

माझ्याकडे विजेची शेगडी आहे.
अकरा वर्षं झाली.
तरी सगळा रस्ता मी डोळे मिटून
ओट्याचा कोपरा न् कोपरा बघत होते,
आणि शेजारच्या सीटवरची मुलगी
मोबाइल बाजूला ठेवून
फार आदरानं माझ्याकडे पाहत होती.