दहा मोजेपर्यंत

दोन हजार सातची गाडी.
तिच्या डॅशबोर्डवर तीन आठवडे
एक पिवळा पाना पेटलेला, नखाएवढा.
मी त्यावर चतुर्थीच्या वर्गणीची पावती
चिकटवून ठेवली होती.

आज चोडणच्या धक्क्यावरून फेरी सुटली
आणि पावती गळून पडली.
तिकीट द्यायला वाकलेला सगुण म्हणाला,
"मॅडम, दिवो पेटला तुमचो."

त्याचा भाऊ कळंगुटला भाड्याच्या गाड्या सांभाळतो,
त्यामुळे त्याला मंत्र ठाऊक:
चावी बंद. मीटरखालचं काळं बटण दाबायचं.
दाबलेलंच ठेवून चावी एक घर पुढे,
इंजिन चालू करायचं नाही हं,
मग धा मेरेन मेजात.
पाना लुकलुकेल आणि जाईल.

"ऑइल बदललां न्ही?"

"हो," मी म्हटलं.

बॉस्त्यांवच्या गॅरेजात नंबर लागत नाही,
शनिवारी मला ऑफिस, रविवारी तो गरी घेऊन नदीवर,
अशी कारणं माझ्याकडे होती.
सगुणने विचारली नाहीत.
तो मागच्या रिक्षाकडे वळला.

पहिल्या वेळी सातवर फेरीने भोंगा दिला, बोट सुटलं.
दुसऱ्या वेळी चावी जास्त फिरली,
इंजिन खोकलं, एका बाईने मुलाला मागे ओढलं.
मग पुन्हा. एक. दोन.
खारफुटी मागे सरकते आहे.
तीन, चार, पाच.
गाडी बंद, हँडब्रेक वर,
आणि मी पुढे जाते आहे.
नऊला पाना लुकलुकला.
दहाला त्या जागी नुसता काळोख
आणि खाली हिरवे आकडे: १००००.
अजून दहा हजार किलोमीटर काही बोलणार नाही,
असं गाडीने कबूल केलं.

हे बोट याला सरावलेलं आहे.
सोळा वर्षं पंचायतीत ते शिक्का धरतं.
निकाली.
जांभळी शाई नखाच्या कडेतून जात नाही,
भाकरी थापतानाही दिसते.

मार्चमध्ये एक अर्ज तिसऱ्यांदा आला:
खाजनाच्या बांधाला, मानशीच्या डाव्या अंगाला झर आहे.
भरतीला खारं पाणी आत येतं.
रात्री ऐकू येतं.
"रात्री ऐकू येतं" असं अर्जात कोण लिहितं?
खाली सही, पुरसो गडेकर, अक्षरं ओळीच्या वर चढलेली.

मी लिहिलं, पाहणी केली.
खिडकीतून नदीकडे पाहिलं होतं, हे खरं आहे.
मग शिक्का.
रजिस्टरातली तांबडी खूण गेली.
पान किती नीट दिसत होतं.

रायबंदर जवळ आलं.
अख्ख्या फेरीत मोकळी जागा,
आणि तो नेमका माझ्या बॉनेटवर तळहात टेकून उभा,
दुसऱ्या हातात सायकल,
धक्का लागला तर तोल जाऊ नये म्हणून.
त्याने मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
मी काच वर करणार होते.
हँडल अर्ध्यातच अडकतं.

चावी फिरवली.
गाडी सुरू झाली. डॅशबोर्ड स्वच्छ,
शोरूममधून आणल्यासारखा.
पुरसोने हात काढला नाही.
मान जराशी कलती केली,
तळव्याने ऐकत असल्यासारखा थांबला,
मग म्हणाला,
"भितर सुकें वाजता, मॅडम. तेल पळयात."

फळी पडली, लोखंडावर लोखंड.
स्कूटर निघाल्या.
तो सायकल ढकलत चढावर गेला,
मडगार्ड वाजत होतं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

बाजारापाशी आकडा हलला.
९९९९.