हे अकरा कुणाचे?

वरून कागद आला, चार ओळींचा :
यापुढे निराधारांचे पैसे
थेट बँक खात्यात जमा होतील.
खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.
खळ लावून मी तो भिंतीला चिकटवला,
आणि ज्यांच्यासाठी चिकटवला
त्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं,
म्हणून मग वाचूनही दाखवला.

शेवंता ऐवळे म्हणाली,
"म्हंजे आता हितं यायचं न्हाई?"
पैशांचं तिने विचारलंच नाही.

एकवीस वर्षं या खोलीत मी अंगठे पाहिले.
शेडवर बेदाणा निवडून निवडून
गुळगुळीत झालेले, चिकट,
पॅडची शाई नीट न धरणारे.
अंगठा चिमटीत धरून मी तो
डावीकडून उजवीकडे लोळवायचो,
तान्ह्या पोराला कुशीवर वळवावं तसा.
कागदावर उमटायचा नुसता जांभळा डाग.
चालायचं.
डाग कुणाचा, मला माहीत होतं.

सावळजच्या बँकेत मशीन आहे.
सुगंधा लोहारने त्यावर अंगठा ठेवला,
पदराला पुसून ठेवला,
थुंकी लावून ठेवला.
जुळत नाही, म्हणालं.
"आरं, मी हाय की हितं,"
ती मशीनला म्हणाली.

खरं सांगायचं तर चांगलंही झालं.
तिचा ज्ञानू पैशाच्या दिवशी
पोस्टाच्या पायरीवर बसलेला असायचा
आणि ती उंबरा ओलांडेपर्यंत
सहाशेचे तीनशे व्हायचे.
मी आत मान खाली घालून
पुढचा फॉर्म भरत असायचो.
आता पैसे कधी येतात त्याला कळत नाही.
पासबुक कुठे ठेवलंय
ती मलाही सांगत नाही.

आणि दुसरं खरं :
प्रत्येकीची दहाची एक नोट
माझ्या टेबलावर राहायची.
मी कधी मागितली नाही.
कधी परतही दिली नाही.
बत्तीस बायका, आठ पुरुष, एकवीस वर्षं.
ज्याला हिशोब येतो त्याने करावा.
घरातला पंखा त्यातला आहे, एवढं सांगतो.

एखादी आली नाही की
रांगेतच कुजबुज व्हायची,
दिवस मावळायच्या आत
कुणीतरी जाऊन तिची कडी वाजवायचं.
पारूबाई गेली तेव्हा मनीऑर्डरवर
मी लाल शाईने लिहिलं : मयत, परत.
अक्षर फार चांगलं आलं,
त्याचंच वाईट वाटलं.
द्रौपदा सुर्वेच्या खात्यात मात्र
ती गेल्यावरही दोन महिने जमा होत होते म्हणे.
खात्याला कोण सांगणार.

परवा बनूबी मुलाणी आली.
पिशवीतून पिशवी, तिच्यातून तिसरी,
तिच्यात पासबुक.
"वाचा, मास्तर."
जमा सहाशे. जमा सहाशे.
काढले हजार. व्याज अकरा.
"हे अकरा कुणाचं?"
तुमचंच, चाची. पैसे तिथं पडून होते, त्याचं.
"पडून हुतं, त्येचं बी पैसं देत्यात?"
त्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ बसली.
"तुमच्याकडं बी ऱ्हायचं की वो
दोन-दोन दीस पडून.
तुमी कवा दिलं न्हाई."
हसली.
मीही हसलो, उशिरा.

मग दहाची नोट काढून
तिने टेबलावर ठेवली, नेहमीच्या जागी.
"दहा तुमचं. वरचा रुपाया माझा."
मी मागे सरकवली.
तिने पुढे.
मी मागे.
बाहेर सव्वाबाराची एसटी लागली, हॉर्न झाला.
पिशवीत पिशवी, तिच्यात तिसरी घालत
ती गडबडीने निघाली.

नोट मधेच राहिली,
माझ्या बाजूला जरा जास्त.