सेकंडचा माल

टॉवेलवर थेंब सोडायचा आणि मोजायचं,
हे माझं अकरा वर्षांचं काम.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, चेकिंगच्या टेबलाशी,
उजव्या हातात ड्रॉपर, डाव्या हाताखाली घड्यांचा ढीग.
एक म्हणायच्या आत थेंब गेला तर माल पास.
मागाचं तेल कुठं उडालेलं असलं
तर थेंब तिथं उभा राहतो,
बंद खिडकीला नाक लावलेल्या पोरासारखा.
तो टॉवेल बाजूला. सेकंड.

त्यामुळं प्लॉटवर पहिली बादली ओतली
तेव्हा मला कुणी सांगावं लागलं नाही.

दीड गुंठा. स्वस्तात मिळाला.
आधी तिथं मौलाली मिस्त्रींचं गॅरेज होतं.
बत्तीस वर्षं ट्रकच्या पोटातलं काळं तेल
खाली, नुसतं खाली.
आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी.
बॅरलमधलं, धुण्यातून वाचवलेलं
मी कढीपत्त्याच्या रोपाला घातलं.
ते गोळा झालं, त्याचे मणी झाले,
अंगावर धूळ घेऊन घरंगळत
बोल्लींच्या फाटकाखालून निघून गेलं.
"आमच्या दारात चिखल का करताय ओ?" त्यांची सून.
मी आळ्यात बोट घातलं.
कोरडं. पिठासारखं.

वैशाखात सगळ्या माळाला भेगा पडल्या,
चपलेची टाच अडकावी एवढ्या.
काळी माती तशीच असते,
उन्हात तोंड वासते, पाणी मिळालं की फुगून भिंती ढकलते.
फक्त गॅरेजचा चौकोन सपाट.
एक चीर नाही.
लोक म्हणाले, बरंच की, तुमचा पाया हलणार नाही.
मला मात्र रात्री झोप येईना.
ताप उतरत नाही म्हणून नव्हे,
पोर पाणीच मागत नाही म्हणून जागावं, तशी.

मिस्त्री आले एकदा, जुना जॅक विसरला होता म्हणून.
उकिडवे बसले. चिमूटभर माती नाकाशी नेली.
"इंजिन ऑईल. जुनं," म्हणाले,
ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं.
मी हात धुवायला तांब्या दिला.
पाणी त्यांच्या तळव्यावरनं मातीवरनं पळालं तसंच पळालं.
"हात बी असेच झालेत की, बाई.
नमाजाच्या आधी भुसा घासतो, विटेचा चुरा घासतो,
रेघांतलं जात नाही."
मग बऱ्याच वेळानं,
"गटारीत ओतलं तर लोक बोंबलायचे.
जमीन काही बोलत नव्हती."

पुढच्या रविवारी हातगाडी घेऊन आले.
चटणीवाल्या नसीमाकडची शेंगांची टरफलं, चार पाट्या शेण,
मळी, आणि रिठ्याचं पाणी एका रंगाच्या डब्यात.
कुदळ मीच चालवली. त्यांचा खांदा गेलेला.
वीतभर खाली माती ग्रीससारखी निघाली,
वास असा, की दुपारची भाकरी तशीच राहिली.

तीनदा खालची वर केली वर्षात.
कारखान्यातला ड्रॉपर मी डब्यात लपवून आणते, परत नेते.
पहिल्यांदा थेंब ठेवला
तर शेजारची गिरणी सुरू होऊन बंद झाली,
थेंब होता तिथंच, त्यात आभाळ.
दिवाळीला तीनशेच्या पुढं मोजायचं सोडून दिलं.
आता बसतो आम्ही दोघं, मध्ये माती.
ते मोजतात त्यांच्या बोलीत, भरभर,
मी टेबलावरच्या सवयीनं.
त्यांचे साठ झाले तेव्हा माझे सत्तेचाळीस.
"पुढच्या वेळी घड्याळ आणतो," म्हणाले.

थेंब कडेनं जरा बसला,
मग एकदम नव्हता.
जागा खरंच ओली झाली का बघायला
आम्ही एकदम वाकलो
आणि डोक्याला डोकं आपटलं.