चोवीस, ठळक

मंगळवारी वाचनालयात फारसं कुणी नसतं.
एम्लिन येतो, ओला कोट रेडिएटरवर टाकतो
आणि लिफाफा माझ्यासमोर ठेवतो,
मांजर मेलेला उंदीर आणून ठेवतं तसा.
'बघ गं नेरिस, काय म्हणतायत.'

बत्तीस वर्षं त्यानं बसची इंजिनं उघडली.
आता नजरेच्या मधोमध एक डाग आहे,
जिकडे पाहील तिकडे तो आधी पोचतो.
कडेकडेचं दिसतं: दाराची चौकट, माझे कान,
टोनीपँडीच्या डोंगराची वरची रेघ.
माझा चेहरा नाही.
चार वर्षांत मी म्हातारी झाले,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

पत्र म्हणतं: आमच्या आधीच्या पत्राला आपलं उत्तर आलं नाही.
आधीचं पत्र म्हणत होतं: मोठ्या अक्षरांत पत्र हवं असल्यास
मागील पानावरची सूचना वाचावी.
मागचं पान राखाडी,
वर साखरेला लागलेल्या मुंग्या.

मी फोन लावते. व्हायोलिन.
बेचाळीस मिनिटं तेच व्हायोलिन, त्याच जागी अडखळणारं,
आणि मधूनमधून एक बाई:
आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
एम्लिन दर वेळी तिला थँक्यू म्हणतो.
'मी पैसे नंतर मागतोय,' तो मला म्हणतो,
'आत्ता नुसती अक्षरं मागतोय.
तरी पोटात तसंच होतं.'

मग माणूस येतो. खरा, सर्दी झालेला.
'अक्षराचा आकार?'
'बसच्या कपाळावर गावाचं नाव असतं ना, तेवढा.'
'तसा पर्याय नाही, सर. सोळा आहे, वीस आहे, चोवीस आहे.'
'चोवीस. ठळक. पिवळ्या कागदावर.'
'पिवळा का लागतो, ते लिहून द्यावं लागेल.'
'कुठं लिहू?'
'फॉर्मवर.'
'फॉर्मची अक्षरं केवढी आहेत?'

पलीकडे काहीच नाही. मग शिंक.
'मी... मी नोंद करून ठेवतो, सर.'

त्या दोन 'मी'च्या मध्ये तो जेवढा थांबला
तेवढ्यासाठी एम्लिन अजून त्याचं नाव काढतो.
नाव माहीत नाही. शिंकवाला म्हणतो.

सहाव्या आठवड्यात एम्लिन एक कार्ड घेऊन आला,
बोटाच्या पेरावर मावतील अशा ओळींचं.
आपण घरी नव्हता. पाकीट दाराच्या फटीतून जात नाही.
'घरीच होतो,' तो म्हणाला. 'बटाटे सोलत होतो.'

टपाल डेपोपर्यंत माझ्याच गाडीनं गेलो.
अडतीस पानं. पांढरी, पिवळी नाहीत,
पण अक्षरं काळीभोर, बोटभर रुंद पायांवर उभी.
मी सवयीनं हात पुढे केला.
त्यानं तो बाजूला सारला, हळूच,
गिअरच्या दांड्यासारखा.

कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून
तो आधी स्वतःचं नाव वाचत बसला.
कितीतरी वेळ. काच धुक्यानं भरली.
मग पुढे, बोटाखाली एकेक शब्द धरून:
'आपणास... कळवण्यास... खेद...'
पान संपलं.
त्यानं ते उलटलं.
'...होतो.'

मी वायपर लावला. पाऊस नव्हताच,
कोरड्या काचेवर तो कुरकुरला.
एम्लिननं पानं मांडीवर ठोकून सरळ केली.
'चार वर्षांत पहिल्यांदा,' तो म्हणाला,
'वाईट बातमी मला तुझ्याआधी कळली.'
आणि हसला, माझ्या कानाकडे बघत.

फेरविचारासाठी एक महिना. पान एकतीस.
तेही त्यानंच शोधलं.

आता तो बालविभागातल्या बुटक्या टेबलाशी बसलाय,
गुडघे हनुवटीशी.
पोस्टरसाठी आणलेला पिवळा कागद मी त्याला दिला,
हिशेबात काय लिहायचं ते बघू.
जाड काळा मार्कर, पानाला चार शब्द.
अठरावं पान चाललंय, अजून तो
सकाळी मोजे कसे चढवतो इथवरच आलाय.

'फटीतून जाणार नाही हे,' मी म्हणते.

'जाऊच नये,' तो म्हणतो.
'कुणाला तरी दार उघडू दे.'