माग

‘माग’ या शब्दाला दोन अर्थ आहेत
हे मला शाळेत कळलं.
तोवर माग म्हणजे एकच:
अशोक चौकामागच्या पत्र्याच्या शेडात
पहाटेपासून खडखडणारा,
ज्याच्या आवाजावर आवाज चढवून
नान्ना बोलायचे,
आणि घरी येऊनही तसेच ओरडून बोलायचे,
मीठ मागतानासुद्धा.

दुसरा माग काढायचा असतो.
तो मी काढते आहे, सहा वर्षं झाली,
केगावच्या माळावर, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे वीज गेली की
आधी उणे ऐंशीच्या फ्रीजरकडे धावायचं,
मग स्वतःचा डबा शोधायचा.

राजमणी कोंगारी, वय अकरा, विडी घरकुल.
नळीत फुंकते तेव्हा काटा एकशे चाळीसवर अडतो.
कापसाच्या काडीने नाकातल्या पेशी घेतल्या
तर म्हणाली, ताई, याचं काय करणार?
वाढवणार.
माझं नाक वाढवणार?
आणि हसली, आणि हसण्यानेच खोकला सुरू झाला,
आणि तिची आई तंबाखूचे हात
पदरामागे लपवत दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

किडा दिसत नाही.
गादीत राहतो, आपलीच गळलेली कातडी खातो.
त्याच्या विष्ठेतला एक कण
श्वासनळीच्या अस्तराला डसतो,
आणि अस्तर बोंब मारतं.
मग पोलीस येतात, बंब येतो,
अख्खी साखर पेठ धावत येते.
चोर नसतोच.
गल्ली बंद होते ती गर्दीने.

आजची औषधं गर्दी पांगवतात.
चांगली आहेत. काही इतकी महाग
की राजमणीच्या आईने किंमत ऐकून
नुसती मान हलवली, विड्या मोजताना हलवते तशी.
मला गर्दी नको आहे.
मला ते पहिलं ओरडणारं तोंड हवं आहे.

चादरीवरचा मोर बिघडला
की नान्ना जेकार्डवर चढायचे,
एकेक दोरी सैल करून बघायचे:
हिने पिसारा जातो,
हिने चोच,
हिने काहीच होत नाही.
मीही तेच करते.
पेशीतला एकेक जनुक बंद करते,
ताटलीतल्या तीनशे चौऱ्याऐंशी खळग्यांत
किड्याचा अर्क सोडते
आणि कान देऊन बसते:
कोण ओरडलं नाही?

मंगळवारी एक खळगा गप्प राहिला.

आधी वाटलं, पेशी मेल्या असतील.
मेलेलं ओरडत नाही,
बंद गिरण्यांच्या गावात हे कोणी शिकवावं लागत नाही.
पण जिवंत होत्या.
पुन्हा केलं. पुन्हा गप्प.
तिसऱ्यांदा राजमणीच्या पेशी घेतल्या,
तेव्हा मात्र अर्ध्याच गप्प.
अर्धं म्हणजे काय
हे प्रबंधात लिहिता येतं,
विडी घरकुलात सांगता येत नाही.

त्या प्रथिनाला अजून नाव नाही, क्रमांक आहे.
एका कडेला त्याला खोबण आहे,
एखादा रेणू बसेल एवढी.
बसेलच असं नाही.
बसला तरी टिकेल, उंदरात चालेल,
माणसात चालेल असंही नाही.

नान्ना ओरडून विचारतात,
सापडलं का कुलूप?
मी ओरडून सांगते,
कुलूप नाही हो, भिंत सापडली, कदाचित दार असेल तिला.
ते बराच वेळ गप्प राहतात.
मग म्हणतात, भिंत कुठली ते कळलं ना,
आणि ताटातला कांदा फोडतात.

शुक्रवारी राजमणीची आई आली होती.
किती वर्षं, म्हणाली.
मी हिशेब केला: दहा, बारा, जमलं तर.
भाषेत एक सोपं वाक्य तयार होतं,
सगळे सगळ्यांना म्हणतात ते:
दम धरा.
ते माझ्या जिभेवर आलं
आणि तिथेच राहिलं.

मी तिला पंपाला लावायची नळी दिली,
कशी लावायची ते दोनदा दाखवलं,
गाद्या उन्हात टाका म्हटलं,
सोलापुरात ऊन तरी फुकट आहे.

उद्या पुन्हा तीच ताटली, तोच खळगा.
फ्रीजर गुरगुरतो आहे.
खाली रस्त्यावर कोणीतरी
टेम्पोत टॉवेलचे गठ्ठे भरतं आहे,
आणि दर गठ्ठ्यामागे
उन्हात जरा वेळ तरंगणारा तो पांढरा ढग
मी खिडकी बंद न करता
बघत उभी आहे.